लाल इशाऱ्याची भाषा

निपाणीहून बेळगावला जाताना बसमध्ये तो पोरगा शेजारी बसला होता. मांडीवर लॅपटॉप, हातात भडंगाची पुडी आणि पडद्यावर इंग्रजीचं घनदाट रान. मी नको तिथं डोकावणारी बाई, म्हणून डोकावले. तो ज्या ओळीवर बाण नेई, तिच्याखाली मराठी अर्थाची चौकट उघडे. मग एक लाल इशारा आला आणि त्याची चौकट कन्नडात उघडली.

"बिघडलं वाटतं," मी म्हणाले.

"न्हाय आक्का, ब्राउझरात मीच तशी सोय करून घेतलीया. प्रोग्रामिंगची माहिती सगळी इंग्रजीत. समजावणारं मराठीत वाचतो, खडसावणारं कन्नडात."

"का रं?"

"सायेब रोज कन्नडातच झाडतात, ते अंगवळणी पडलंय. मराठीत कुणी दटावलं की आईच दटावल्यागत वाटतं. मग हातच चालत न्हाईत."

अशी वाटणी मला लग्नाआधी सुचायला हवी होती.

संकेश्वर गेल्यावर साहेबांचा फोन आला. बेळगाव येईपर्यंत काम झालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, हे कन्नडातलं गर्जन मलाही ऐकू आलं. तो "सरी सर, सरी सर" असा कन्नडात होकार भरत भडंगातले शेंगदाणे वेचून खात राहिला.

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. या वेळी आई होती. "डबा हितंच इसरलास न्हवं? आता काय खातोयस?"

त्यानं भडंगाची पुडी गपकन माझ्या ओटीत लपवली आणि लॅपटॉपसकट चालत्या बसमध्ये उभा राहिला.