थर बदलण्याची जागा

ऑफिसात त्यांना सगळे टाचणी म्हणत. अंगकाठी तशी होती हे एक कारण, आणि बोचायची सवय हे दुसरं. साउंडवाल्याने हुश्श करून हेडफोन काढले की टाचणी मान तिरकी करून विचारणार, "श्रेयनामांच्या शेवटच्या पाटीपर्यंत ऐकलंत?" झालं, साउंडवाल्याचं जेवण गेलं. टाचणींना मात्र हे नाव एखाद्या पदवीसारखं वाटे. बायकोला त्यांनी ते घरी येऊन कौतुकाने सांगितलं होतं.

वीस वर्षं ते एकच काम करत आले होते. कारखान्यात डीव्हीडी हजारोंनी छापायला जी मूळ प्रत लागते, ती, म्हणजे मास्टर, बनवायची. त्यातही त्यांचा हातखंडा दोन थरांच्या डिस्कचा. लांबलचक नाटक एका थरात मावत नाही, म्हणून निम्म्याहून जास्त एका थरावर आणि उरलेलं दुसऱ्यावर. पहिला थर संपला की प्लेअरमधला किरण दुसऱ्या थरावर उडी मारतो, आणि त्या उडीपुरतं, अर्धा सेकंद, पडद्यावरचं चित्र जागच्या जागी गोठतं. ही उडी कुठे मारायची ते ठरवणारा माणूस म्हणजे टाचणी.

ऐकायला सोपं आहे. पण पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान झालेला चालत नाही आणि मापाबाहेर भरलेलाही चालत नाही. त्यामुळे अडीच तासांच्या नाटकात उडीसाठी मिळते जेमतेम नऊ मिनिटांची पट्टी. त्या नऊ मिनिटांत टाचणी दोन-दोन दिवस फिरत. इथे दार वाजतंय, इथे बाई वळतेय, इथे कुणीतरी शिंकतंय. सगळे स्तब्ध आहेत, आवाज नाही, अशी एक फट सापडली की ते उडी तिथे बसवत आणि स्वतःवर खूश होऊन घरी जात.

घरी त्यांचा एक खेळ होता. तयार झालेली डिस्क रविवारी दुपारी टीव्हीवर लावायची, बायकोला शेजारी बसवायचं, आणि चित्र अडकलं की तिने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची. पहिली काही वर्षं ती बिचारी भलत्याच ठिकाणी मारायची. पुढे मात्र चापट एकदाही चुकली नाही. "सापडला!" म्हणून ती टाळी पिटायची, आणि टाचणी तोंड पाडून, पण आतून फुलून, म्हणायचे, "जगात हे दोघांनाच दिसतं. एक मला आणि एक हिला."

तर अशा सुखात असताना थोरल्या साहेबांनी धंदा जावयाच्या हाती दिला. जावईबापू गोड बोलत. इतकं गोड की बोलून झाल्यावर आपल्याला नक्की कुठे लागलंय ते चाचपून बघावं लागे.

"काका, बसा ना," त्यांनी केबिनमध्ये बोलावून म्हटलं. "मला जरा शिकवा. सॉफ्टवेअर ही जागा दोन सेकंदांत निवडतं. तुम्ही दोन दिवस नक्की काय करता?"

"सॉफ्टवेअर नियमात बसणारी पहिली जागा उचलतं, साहेब. पात्र बोलत असलं तरी तिथेच कापतं."

"आणि बघणाऱ्याला ते कळतं?"

"कळतं म्हणजे? डोळ्यांत खुपतं."

"मग प्रश्नच मिटला. बघू या की."

ठरलं ते असं. हातातल्या नाटकाच्या दोन चाचणी डिस्क करायच्या. एकीत मशीनने निवडलेली जागा, दुसरीत काकांनी. प्रेक्षक साधे हवेत, म्हणून ऑफिसातल्या प्रत्येकाने घरचं एकेक माणूस आणायचं. चित्र अडकलं असं वाटलं की हात वर. "तुमच्या डिस्कला मशीनपेक्षा एक जरी हात कमी आला, तर तुम्ही आहात," जावईबापू म्हणाले. "नाहीतर काका, या नाटकानंतर तुमचं टेबल मोकळं करू. आरामाचं वय आहे तुमचं."

टाचणी बावन्न वर्षांचे होते. दुसरं कुठलंही काम त्यांना येत नव्हतं, आणि हे काम शहरात दुसरीकडे कुठे उरलं नव्हतं.

बायकोला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. तिला बीपीचा त्रास. "ऑफिसात नाटक दाखवतायत, चल," एवढंच म्हणाले. माझ्या वेळी हात वर करू नकोस, असं सांगावं हे एकदा ओठांवर आलं, आणि गिळलं. एक तर ती लबाडी झाली असती. दुसरं, ही जागा त्यांनी अशी काही शोधली होती की आजवर केलेलं सगळं काम तिच्यापुढे पाणी भरेल. नाटकात मुलगा आईशी भांडून घर सोडतो आणि आई नुसती दाराकडे बघत राहते. ना संवाद, ना संगीत, ना पापणी. उडी त्या बघण्याच्या मधोमध. ही तर हिलाही सापडायची नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. मशीनची मात्र हिला सापडणारच. म्हणजे एक हात आधीच आपल्या पदरात.

बैठकीच्या खोलीत अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. चित्र अडकलं असं वाटलं की हात वर करा, एवढंच जावईबापूंनी सगळ्यांना सांगितलं. टाचणी मागे भिंतीशी उभे राहणार होते, पण बायकोने बाही धरून त्यांना शेजारच्या स्टुलावर बसवलं. "एवढ्या परक्या माणसांत मला एकटीला काय सोडता?"

आधी मशीनची डिस्क लागली. भांडण ऐन रंगात आलं, मुलाने "आई, मी तुला" एवढं म्हटलं आणि चित्र त्याच्या उघड्या तोंडासकट गोठलं.

"सापडला!" बायकोचा हात वर.

बाकीचे जागे होते ते सगळे तिच्याकडे वळून बघू लागले. काय सापडलं हे त्यातल्या एकालाही कळलं नव्हतं. साउंडवाल्याचे सासरे तर घोरत होते. टाचणी चक्रावले. इतकं ढळढळीत, आणि दहा माणसांना दिसलं नाही? पण एक तर एक. त्यांनी कपाळ पुसलं.

"एक," जावईबापूंनी कागदावर लिहिलं.

मग काकांची डिस्क. मुलगा गेला. आई दाराकडे बघत राहिली. बघत राहिली. पडद्यावर काहीच हललं नाही, खोलीतही काही हललं नाही. निघून गेलं सगळं, लोण्यातून सुरी जावी तसं. आणि टाचणींच्या गुडघ्यावर खणखणीत चापट बसली, आणि तोच हात वर गेला.

"सापडला!"

"एकास एक," जावईबापू म्हणाले. "वा! काकू, तुमच्यामुळे काम सोपं झालं हो."

"अहो, त्यात काय," ती लाजून म्हणाली. "आमचं घरी नेहमीचंच आहे हे."

बाहेर जिन्यापाशी येईपर्यंत ती हसत होती. "हरलात ना? अगदी जाम लपवलात, पण हरलात!"

"हरलो," टाचणी म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

तिने कठड्याला धरलं. रागावण्याचीही त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांना फक्त एकच गोष्ट हवी होती. "एवढं सांग. तिथे दिसलं काय तुला? काय हललं?"

"मला कुठे काय दिसतं?"

"म्हणजे?"

"अहो, मला पडद्यावर कधीच काही दिसलं नाही." ती रडायला लागली. "ती जागा आली की तुम्ही श्वास धरता. मी तुमच्याकडेच कान लावून बसते. म्हटलं, तुम्हाला बरं वाटतं."

टाचणी पायरीवर बसले. म्हणजे जागा कुणालाच सापडली नव्हती. आणि गेल्या कितीतरी रविवारांत, जगात दोघांना दिसतं म्हणत होते, ते एकट्यालाच दिसत होतं.

ती मात्र डोळे पुसून तरातरा परत गेली आणि जावईबापूंसमोर उभी राहिली. "साहेब, माझा हात मोजू नका. मी खोटा वर केला. मी यांचा श्वास ऐकून केला."

जावईबापूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काकू, नवऱ्यासाठी माणसाला काय काय सुचतं! मला तुमचं कौतुकच आहे. बरं, धरू या तुमचं खरं. दोन्ही हात खोडू." त्यांनी कागदावर दोन रेघा मारल्या. "शून्याला शून्य. म्हणजे मशीन कापो नाहीतर काका कापोत, लोकांना काही कळत नाही. हे तर आधीपेक्षा वाईट झालं, नाही का?"

ती वळली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

कारखान्याची गाडी साडेपाचला यायची होती. मास्टर कारखान्याला टेपवर जातं, दोन्ही थरांच्या टेपा वेगळ्या, आणि त्या पॅक करायचं काम दुसऱ्या कुणाला येत नसल्यामुळे मशीनने निवडलेल्या जागेच्या टेपा टाचणींनीच हातात घेतल्या. साउंडवाला जवळ येऊन कुजबुजला, "लेबलं उलटी लावा की. पाच हजार डिस्क कचऱ्यात. बसू दे बोंबलत." टाचणींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. थर शून्यापासून मोजतात, म्हणून त्यांनी पहिल्या टेपवर लिहिलं, थर शून्य. दुसऱ्या टेपवर, थर एक. मग दोन्ही पुन्हा टेपच्या यंत्रात घालून पडताळल्या. मग खोक्यात ठेवल्या, बाहेर काढल्या, आणि तिसऱ्यांदा वाचल्या.

"काका," केबिनमधून गोड आवाज आला, "दोन लेबलांना इतका वेळ?"

बायको दारात उभी होती. ती भिंतीकडे बघत होती, छताकडे, पायातल्या चपलांकडे. नवऱ्याकडे बघायची तिची छाती होत नव्हती. बघितलं तर पुन्हा काहीतरी सापडेल, असं तिला वाटत होतं.