आजोबांसाठी पावडरचं माप निवडताना

मागच्या महिन्यात तुमच्या आईनं फोनवर विचारलं, "बाबा अजून गॅरेजमध्ये बुलेट्स बनवतात का?" आणि मागून तुम्हा दोघांचा "व्हॉट?" असा ओरडा आला. फोनवर सांगत बसले असते तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून ही तुमची आजी नीट लिहूनच काढते.

आजोबा बुलेट बनवत नाहीत. ते वापरलेली काडतुसं पुन्हा भरतात. रविवारी सकाळी ते क्लबमध्ये रायफलनं कागदी टार्गेटवर नेम धरतात, हे तुम्हाला माहीत आहे. गोळी सुटली की पितळेची रिकामी नळी मागे उरते. ती घरी आणायची, साफ करायची, बुडाशी ठिणगी देणारी नवी टिकली बसवायची, आत पावडर म्हणजे बंदुकीची दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. याचं रीतसर सर्टिफिकेट आहे. पोलिसांकडचा माणूस येऊन हे सगळं ठेवायचं कपाट, कुलूप आणि कपाट ज्या भिंतीला ठोकलं आहे ती भिंतसुद्धा बघून गेला आहे. किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही आणि, सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावावर असल्यानं, माहीत असताही कामा नये.

या सगळ्यात नाजूक काम पावडरचं. ती प्रत्येक नळीत अगदी सारखी पडावी लागते. कमी पडली तर नेम बिघडतो, जास्त पडली तर रायफलीला आणि ती धरणाऱ्यालाही धोका. आजोबा हे काम इवल्याशा चमच्यानं करायचे. पावडर तराजूच्या ताटलीत टाकायची आणि शेवटचे तीन-चार कण चमच्यावर बोटानं टिचकी मारून पाडायचे. मी दारातून बघायचे. सोनाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप बशीवर वाजू लागला, मग शर्टाची वरची बटणं माझ्याकडे आली. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स नाही, वयाबरोबर येणारी थरथर आहे, बारीक काम करताना वाढेल. नेमबाजीला त्यांची हरकत नव्हती. पालथं पडून, दोन्ही कोपरं जमिनीला टेकवून, हात रायफलीच्या पट्ट्यात अडकवला की तो शांत राहतो, हे क्लबच्या लोकांनीही पाहिलं होतं. पण हातात चमचा आला की संपलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर आजोबा ब्रशनं टेबलावर सांडलेली पावडर गोळा करत होते. त्या दिवशीची ती तिसरी वेळ.

"हा डबा संपला की बस," ते म्हणाले. "रायफल क्लबला विचारून कुणाला तरी देऊन टाकू."

चिडून म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, म्हणून मी घाबरले. मोटरवेवर गाडी चालवणं त्यांनी आधीच सोडलं होतं. बुद्धिबळाचे जोडीदार एकेक करून गेले होते. आमच्या या मिल्टन कीन्स गावात चालायला रस्ते पुष्कळ आहेत, पण रोज त्याच तळ्याला किती फेऱ्या मारणार? रविवार सकाळ तेवढी त्यांची स्वतःची उरली होती. तीही गेली तर हा माणूस खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, "अहो, चमचाच कशाला हवा? मापाचं यंत्र मिळतं ना?"

"मिळतं. चाळीस वर्षं लागलं नाही."

"चाळीस वर्षं चष्माही लागला नव्हता."

दुसऱ्या दिवशी यंत्रांचा कॅटलॉग टेबलावर आला.

पावडरच्या मापाची कल्पना सोपी आहे. वर नरसाळ्यासारखं भांडं, त्यात पावडर. खाली एक फिरता रूळ, त्याला हवी तेवढी लहान-मोठी करता येणारी पोकळी. दांडा वर केला की पोकळी भरते, खाली केला की तेवढीच पावडर नळीत पडते. पण प्रकार अनेक, आणि त्यावर आमची तीन आठवडे वादावादी. मला विजेवरचं हवं होतं, मोठ्या हिरव्या आकड्यांचं. बटण दाबायचं आणि यंत्रच तोलून देणार.

"आणि मी काय करायचं? प्लग लावायचा?"

"बटण दाबायचं की."

"बटण तूच दाब. मी तुझ्यासाठी चहा आणतो."

शेवटी प्रत्यक्ष बघूनच ठरवू म्हणून आम्ही दुकानात गेलो. एका शेताच्या मागच्या धान्याच्या कोठारात ते दुकान आहे, इथून तासाभरावर. गाडी मी चालवली. दुकानाची मालकीण साठीतली बाई, स्वेटरवर कुत्र्याचे केस, गळ्यात दोन चष्मे. तिनं तीन यंत्रं काउंटरवर मांडली: एक हलकं प्लास्टिकचं, एक ओतीव लोखंडाचं, आणि माझं हिरव्या आकड्यांचं.

आजोबा नुसते बघत होते. उजवा हात कोटाच्या खिशात.

"तुम्ही कुठल्या हातानं काम करता?" बाईनं विचारलं.

"उजव्या."

"मग तोच बाहेर काढा. माझ्या कुत्र्याशिवाय इथे कुणी चावत नाही."

हात बाहेर आला. थरथरतच. बाईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. प्लास्टिकचं यंत्र पुढे केलं. आजोबांनी दांडा धरला तर हाताबरोबर ते अख्खं यंत्रच हलू लागलं. ते बाजूला ठेवलं. हिरव्या आकड्यांच्या यंत्राबद्दल ती म्हणाली, "चांगलं आहे, पण दाराच्या फटीतून वारा आला तरी ह्याचे आकडे नाचतात. गॅरेज आहे ना तुमचं?" आमच्या गॅरेजचं दार कसं आहे ते तुम्ही पाहिलंच आहे. मी ते यंत्र आपणच बाजूला सरकवलं.

मग लोखंडाचं. ते काउंटरला बोल्टनं घट्ट बसवलेलं होतं. आजोबांनी दांडा वर नेला, टक्. खाली आणला, टक्.

"दांडा वर टेकतो, खाली टेकतो," बाई म्हणाली. "मधल्या वाटेत हात कितीही नाचू दे. माप त्या दोन टोकांना ठरतं."

आजोबांनी तो दांडा दहा-बारा वेळा वर-खाली केला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हेच."

घरी येऊन त्यांनी ते टेबलाला बसवलं. आणि इथे मी मधे पडले. तीस वर्षं मी इथल्या शाळेच्या सायन्स लॅबमध्ये तराजू आणि बाटल्या सांभाळल्या आहेत. नवं उपकरण पारखल्याशिवाय वापरायचं नाही, ही माझी सवय. मी म्हटलं, पावडरला हात लावण्याआधी दुसऱ्या कशानं तरी चाचणी घेऊ. सांडलं तर सांडलं. तुमच्या हाताची भीती तरी जाईल.

"दुसऱ्या कशानं?"

मी स्वयंपाकघरातून खसखस आणली. दाणा बारीक, कोरडा, सारखा. आजोबा बघतच राहिले.

"अनारशांचं माप लावतेस का काडतुसांना?"

"दांडा ओढा."

वीस वेळा त्यांनी दांडा ओढला, वीस वेळा मी तोललं आणि वहीत लिहिलं. सगळी वजनं जवळजवळ सारखी. कुठलं तरी नाट्यपद शिळेवर वाजवत आजोबांनी खसखस परत डब्यात ओतली. मी नरसाळं आणि ताटली कोरड्या फडक्यानं पुसली आणि म्हटलं, "झालं साफ."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी पावडर. आजोबांचा नियम असा की पावडरचा एकच डबा टेबलावर, फोन घरात, रेडिओ बंद. मी तराजूपाशी. पहिलं वजन कमी आलं. दुसरं बरोबर. तिसरं पुन्हा कमी. चौथं थोडं जास्त. आजोबांनी पोकळी लहान-मोठी करायचा स्क्रू तपासला, पुन्हा सुरुवात केली. तेच. दहा मापांत चार चुकली. अजून एकही नळी भरली नव्हती, नुसती ताटलीतच टाकत होतो, तेवढं बरं.

आजोबांनी दांडा सोडला. "यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "काल बरोबरच होतं. आज हात जास्त हलतोय." मग हातमोजे काढून बागेत गेले आणि सफरचंदाच्या झाडाखाली पाठमोरे उभे राहिले.

मी तिथेच बसले. वहीतले कालचे आकडे बघितले, आजचे बघितले. त्या बाईचं म्हणणं आठवलं, माप दोन टोकांना ठरतं. मग हात हलला तर काय झालं? हात कालही हलत होता. काल आणि आज यांत फरक एकच, आत काय घातलं होतं. मी चष्मा बदलला आणि ताटलीतली पावडर दिव्याखाली धरली. करड्या कणांत एक पांढुरका दाणा. शेजारी आणखी एक. नरसाळ्याच्या आतल्या बाजूला, केसांवर घासलेला फुगा भिंतीला चिकटतो तसे सात-आठ चिकटलेले.

घरात मसाला वाटून झाला की मी मिक्सरमधून मूठभर तांदूळ फिरवते, म्हणजे पुढच्या चटणीला धन्याचा वास येत नाही. लॅबमध्ये मुलांना रोज ओरडायचे, आधीचं भांडं धुतलंत का? आणि इथे मी वरवर फडकं फिरवून "झालं साफ" म्हणाले होते. रूळ काढून आतली पोकळी कुणी पाहायची?

मी बागेत गेले. "अहो, तुमचा हात नाहीये. माझी खसखस आहे."

ते वळले. "काय?"

"पोकळीच्या कोपऱ्यात दाणे अडकलेत. एकेक सुटतोय, तसं वजन बदलतंय. चूक माझी आहे."

ते हसायला लागले, इतके की झाडाला धरावं लागलं. "पन्नास वर्षं वाट पाहिली मी या वाक्याची," ते म्हणाले. "वहीत लिही. तारीख घाल."

मी खरंच लिहिलं.

आजोबांनी यंत्र पूर्ण उघडलं, रूळ बाहेर काढला, ब्रशनं प्रत्येक कोपरा झाडला. आतून अकरा दाणे निघाले. ती मिसळलेली पावडर त्यांनी डब्यात परत टाकली नाही, वेगळी काढली आणि दुकानाच्या बाईला फोन करून तिचं काय करायचं ते विचारलं. ती म्हणाली, इतक्या वर्षांत लोकांनी यंत्रात काय काय घातलेलं पाहिलं, पण पॉपी सीड्स पहिल्यांदाच.

दुपारी पुन्हा बसलो. टक्, टक्. मी तोललं. बरोबर. पुन्हा बरोबर. दहा झाली, वीस झाली. माझे खांदे सकाळपासून कानांपर्यंत वर चढले होते, ते कधी खाली आले ते कळलंच नाही. मग आजोबांनी पहिली नळी पुढे घेतली. आता ते दांडा ओढतात, मी प्रत्येक माप तोलते, तोललं की "हं" म्हणते, आणि माझं "हं" आल्याशिवाय पुढची नळी हलत नाही.

त्या रविवारी मी त्यांना न्यायला क्लबच्या फाटकाशी गेले. ते गाडीत बसले, पट्टा लावला आणि सुरू झाले: वारा डावीकडून होता, मधेच पडायचा, मधेच उठायचा, झेंड्याकडे बघून काही अंदाज येत नव्हता, शेवटच्या पाच गोळ्या त्या वाऱ्यानं नेल्या. घरापर्यंतचे सगळे राउंडअबाउटचे गोल चौक संपले तरी वारा संपला नाही. हाताबद्दल एक शब्द नाही. मी "हो ना," "खरंच की," म्हणत गाडी चालवत होते, आणि मला त्या वाऱ्याचे आभार मानावेसे वाटत होते.