तिसऱ्या आग्रहाचा माणूस

माझ्या धाकट्या दिरांनी परवापरवापर्यंत उभ्या आयुष्यात कोणत्याही गोष्टीला पहिल्या खेपेस 'हो' म्हटले नव्हते, असे मी लिहिले तर ते सर्वांआधी स्वतःच नाकारतील, आणि माझ्या म्हणण्याला वेगळा पुरावा द्यावा लागणार नाही. त्यांच्याविषयी लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. त्यांना विचारले असते तर ते 'छे, छे, माझ्यावर काय लिहायचं' असे म्हणाले असते. म्हणून विचारलेच नाही.

दरबारच्या चाकरीसाठी कधीकाळी धारला येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत आग्रहाची एक जुनी रीत आहे. आमचे मालवी शेजारी तिला मनुहार म्हणतात. पहिला नकार सभ्यपणाचा, दुसरा संकोचाचा. तिसऱ्यांदा विचारले की मात्र घ्यायचेच, कारण तेव्हाही न घेणे हा यजमानाचा अपमान. आम्ही सारे ही रीत पंगतीपुरती पाळतो. भाऊजींनी ती आयुष्याच्या सर्व शाखांना लागू केली. न्हाव्याने 'चंपी कर दूँ, भिया?' असे विचारले की त्यालाही ते दोनदा नको म्हणणार. बसमध्ये कुणी जागा देऊ केली तर ते इतक्या अजीजीने नाकारत की देणारा ओशाळून उभाच राही, आणि पुढच्या थांब्यापर्यंत ती जागा दोघांच्या मधोमध रिकामी प्रवास करी. एकदा आम्ही मांडूला गेलो असता एका लहानशा खाणावळीत पानिये, म्हणजे पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकरी, खायला बसलो. मालकाने 'एक और?' म्हणताच भाऊजींनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. नजर मात्र टोपलीवर. मालक अस्सल माळव्याचा. त्याने त्यांच्या बोटांच्या फटीतून भाकर आत सरकवली. आमच्याकडचे, म्हणजे भाऊजींचे थोरले बंधू, वैतागून म्हणाले, "अरे, पैसे मोजून जेवतोयस, आणि लाजतोस कोणाला?"

अशा मनुष्याचा निभाव लागतो, कारण सारा गावच त्याला सामील असतो. धारमध्ये पहिला नकार कोणाला ऐकूच येत नाही. अडचण होते ती गावाबाहेर. भाऊजींना सांगून आलेल्या एका मुलीकडची मंडळी नाशिकची होती. मुलगी भाऊजींना फार आवडली होती, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून मला समजले. पण मुलीच्या वडिलांनी 'मग, पसंत आहे ना?' असे विचारताच भाऊजी म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं स्थळ मिळेल तुम्हाला." मंडळी सरळमार्गी होती. त्यांनी शोधले आणि त्यांना मिळाले. भाऊजी अविवाहित राहिले.

नोकरी देवासच्या एका कारखान्यात, मालाची बांधाबांध करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीची. आठवडाभर तिथे एका खोलीत राहायचे आणि शनिवारी धारला आमच्याकडे यायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम. अशाच एका शनिवारी, भाजी निवडता निवडता, ते खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, एकदा समुद्राच्या गावात राहायचं आहे." मला वाटले, सहलीविषयी बोलत आहेत. पण त्यांनी फोन पुढे केला. पोर्तुगालच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, संत्री पेट्यांत भरणाऱ्या एका कारखान्याला यंत्रे जाणणारा माणूस हवा होता. भाऊजींनी अर्ज केला होता, आणि देवासच्या खोलीत बसून संध्याकाळी तिकडची भाषाही शिकत होते. न मागता काही मिळावे अशी वाट पाहण्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याने स्वतःहून काही मागितल्याचे मी प्रथमच पाहत होते.

मुलाखत आमच्याच बैठकीत, संगणकाच्या पडद्यावर झाली. भाऊजींनी वर कोट-टाय आणि खाली घरातला पायजमा असा पोशाख केला होता. पलीकडच्या बाई हसतमुख होत्या. यंत्रांविषयीच्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यांना पसंत पडली, आणि शेवटी त्यांनी विचारले, 'मग, याल का आमच्याकडे?' भाऊजी हात जोडून इंग्रजीत म्हणाले की आपली तेवढी पात्रता नाही, आपल्याहून योग्य माणूस त्यांना सहज मिळेल. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आभार मानले आणि पडदा काळा झाला.

भाऊजी समाधानाने मागे टेकून बसले. "आता परत विचारतील."

चहा झाला. ऊन बैठकीतून ओसरीवर गेले. टाय तसाच होता.

"अरे भिया," आमच्याकडचे अखेर कडाडले, "वो पोर्तुगाल है! तिथे काय तुझ्या ताटात जिलबी वाढायला बसलेत का लोक? नाही म्हणालास, खतम! आता फोन कर त्यांना."

"पण दादा, मागून कसं घ्यायचं?"

हे त्यांनी अगदी खऱ्या व्याकुळतेने विचारले. मी स्वभावाने भिडस्त आहे. परक्यांशी बोलताना माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नाही. पण समुद्राचे ते वाक्य माझ्याजवळ बोलले गेले होते. मी पुढे होऊन संगणकावर पुन्हा फोन लावायची कळ दाबली. बाई पडद्यावर आल्या. मला एकही इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून मी भाऊजींनाच खांद्याला धरून समोर केले. ते घामाघूम झाले, आणि जन्मभराच्या सवयीच्या उलट म्हणाले, "यस. यस. यस." बाई खळखळून हसल्या.

अशा रीतीने भाऊजी परदेशी गेले. पहिल्या आठवड्यात त्यांचा चेहरा फोनवर ओढलेला दिसला. घरमालकीण रोज सूपचे भांडे घेऊन दाराशी येते, भाऊजी सवयीने नको म्हणतात, आणि ती भांडे घेऊन परत जाते. "वहिनी, इथे एकदाच विचारतात," ते म्हणाले. हवा कशी आहे, असे विचारले तर म्हणाले, "ऊन आपल्यासारखंच लख्ख आहे, पण त्याला आपल्या उन्हासारखा आग्रह नाही." पुढे हळूहळू चेहरा भरत गेला. मागे समुद्र दिसू लागला. कधी मालकीणबाई पडद्यात डोकावून मला हात करीत. मी पदर सावरून नमस्कार करी.

या हिवाळ्यात ते सुट्टीवर आले. सकाळी मी पोहे केले, वर शेव घातली, बशी रिकामी होताच कढई घेऊन पुढे झाले आणि विचारले, "आणखी?"

"हो, द्या."

मी पोहे वाढले. दुसरे आणि तिसरे विचारणे मी तयार ठेवले होते. ते तोंडातच राहिले. दुपारी तर कहर झाला. भाऊजींनी दादांना विचारले, "चहा करू?" हे रीतीप्रमाणे म्हणाले, "नको रे." भाऊजींनी एक कप चहा केला आणि ओसरीवर उन्हात बसून एकट्याने प्यायला. हे बराच वेळ वर्तमानपत्र उलटत राहिले, मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "देखो इसको! याने पुन्हा विचारलंच नाही."

कारखान्याने त्यांना कायमचे राहण्याविषयी विचारले होते, आणि त्यांनी पहिल्याच खेपेस होकार दिला होता. हे त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी सांगितले. मला आनंद झाला. खरोखरच झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूरच्या विमानतळाकडे जाणारी गाडी दाराशी आली. मी म्हटले, "भाऊजी, आणखी चार दिवस राहा ना."

"नको, वहिनी."

तो तिकडचा नकार असावा असे समजून मी मागे सरणार होते; पण ते गाडीत बसेनात. दारावर हात ठेवून पायरीकडे पाहत उभे राहिले. चालकाने विचारले, "चलें, भिया?" तरी ते हलले नाहीत.

"राहा ना," मी म्हटले.

"छे, छे, नको," ते खाली मान घालून म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

तो नकार आमच्या धारचा होता. मी तिसऱ्यांदा विचारले असते तर त्यांना राहावेच लागले असते. ते वाट पाहत होते, हे मला दिसत होते. त्यांच्या समुद्राच्या गावात त्या वेळी उजाडत असेल, असे मनात आले.

मी फक्त निरोपाचे "या" म्हटले.