आक्कांचा तरवड

पाऊस आला की आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत सगळे वाळत घातलेले कपडे आत घ्यायला धावायचे आणि पारूआक्का झाडं. तळमजल्यावर त्यांच्या दारासमोर अर्धी कापलेली पिंपं, त्यांत मुरूम आणि मुरमात तरवडाची झुडपं. ती पिंपं सरकवत त्या जिन्याखाली न्यायच्या. वाटेत सापडेल त्याला हुकूम सुटायचा, "बघतुयास काय? कड धर!"

आक्का माणदेशातल्या. त्यांचे यजमान तात्या वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. आक्कांच्या गावाकडे तरवड माळावर आपोआप उगवतो, सगळं करपलं तरी हिरवा राहतो, आणि नवरात्रात घटावर त्याच्याच पिवळ्या फुलांची माळ चढते. इथे खाडीकाठी चार महिने धो धो पाऊस. पण बाई हट्टाला पेटल्या होत्या. झेंडू तर तात्यांच्या मार्केटात ढिगाने मिळायचा. मी एकदा तसं बोलून बसलो.

"झेंडू काय, कुनाच्या बी दारात फुलतुया," आक्का म्हणाल्या. "तरवडाची माळ न्हाई म्हंजी देवीनं मला वळखायचं कशावरनं?"

उन्हाळ्यातसुद्धा झाडांना क्वचित तांब्याभर पाणी मिळायचं, तेही हात आखडून. कुणी मायेने जास्त ओतलं तर त्याची सात पिढ्यांसकट पूजा व्हायची. "लाडानं पोर नासतं आन पाण्यानं तरवड," हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. तात्यांना तर पिंपाजवळ फिरकायचीही बंदी होती.

एका श्रावणात आक्कांचे पाय सुजले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. हॉस्पिटलात त्यांचं पाणी तोडलं, दिवसाला मोजके घोट. आक्का घोटभर पाण्यासाठी नर्सच्या हातापाया पडायच्या. तात्या ते पाहून घरी येत आणि दारात बसून राहत.

घटस्थापनेच्या तोंडावर आक्कांना घरी आणलं. रिक्षातून उतरल्या त्या थेट पिंपांकडे गेल्या. झुडपं काळी पडली होती. एक हलकेच ओढलं, तर मुळासकट हातात आलं. कुजलेलं. आता आभाळ कोसळणार म्हणून आम्ही श्वास रोखून उभे.

"रोज घालत हुतो गं पानी," तात्या कसेबसे म्हणाले. "तुला कुनी घोट देईना. म्हटलं, ह्यांस्नी तरी..."

आक्कांनी ते झुडूप पिंपात परत ठेवलं. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "बरं केलंसा. कुनीतरी पानी पेलं."

त्या बाईला इतकं हळू बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. त्या वर्षी त्यांच्या घटावर झेंडूची माळ चढली, आणि घट उठायच्या आत आक्का गेल्या.

पुढच्या पावसात कपडे काढायला खाली धावलो, तर तात्या एकटेच भिजत पिंप ओढत होते. पिंपात नुसता मुरूम होता. मी जिन्याशी थबकलो.

"बघतुयास काय?" तात्या म्हणाले. "कड धर."

मी धरली.