निळू कावळे कुठं राहतात?

छापलेल्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. अजून फिरतं. मोहोळहून सोलापूरला प्राथमिक शाळेत बाई म्हणून आले, ती हा स्वभाव ट्रंकेत घालूनच. खोली मिळाली विणकरांच्या गल्लीत. गोष्ट सत्तरनंतरची. घरोघर तेलुगू, मराठी मी एकटी. शेजारच्या खोलीत अक्का राहायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. तिची मुलगी माझ्याच वर्गात, सातवीला. फळ्यावर गणित लिहून मी मागं वळायच्या आत हिचं उत्तर तयार! तशी पोरगी मला पुढं सगळ्या नोकरीत भेटली नाही.

आणि ती शाळेत येईनाशी झाली. का, तर गल्लीचा एकुलता एक नळ कोरडा. आमच्या नगरसेवकांनी चावीवाल्याला सांगून पाणी पलीकडच्या गल्लीला वळवलं होतं. चावीवाला म्हणजे लांब लोखंडी चावीनं रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस. पलीकडं त्यांची मतं होती, आमच्याकडं नव्हती. अक्का घागर घेऊन तिकडच्या रांगेत उभी राहिली तर विड्या कोण वळणार? म्हणून रांगेत पोरगी.

"अक्का, हिची परीक्षा आहे गं," मी म्हटलं.

"पाणी आणून द्या बाई, आन् पोरगी घेऊन जावा," अक्का म्हणाली.

झालं, मोर्चा ठरला. नगरसेवकांच्या घरावर. 'पाणी द्या, नाहीतर खुर्ची सोडा' ही घोषणा मी स्वतः तयार केली आणि बायकांकडून पाढ्यासारखी घोकून घेतली. पहिल्या चौकापर्यंत ती चालली. मग ऊन चढलं, घसे सुकले, आणि सगळ्याजणी आपापल्या बोलीवर आल्या. रिकाम्या घागरी बडवत ओरडायला लागल्या, "नीळ्ळू कावाली! नीळ्ळू कावाली!" तेलुगूत नीळ्ळू म्हणजे पाणी आणि कावाली म्हणजे पाहिजे. माझी खुर्ची राहिली बाजूला. नगरसेवक परगावी गेले होते, घरच्यांनी दारं लावून घेतली, आणि आम्ही परत आलो.

त्या वेळी गावात चार पानांचं एक दैनिक निघायचं. संपादक नगरसेवकांचे साडू. नगरसेवकांना शिंक आली तरी पहिल्या पानावर यायची, आणि आम्ही मेलो असतो तरी चौथ्या पानावर गेलो असतो, तेही जागा उरली तर. त्यांचा बातमीदार मंगळवेढ्याहून नुकताच आलेला. तेलुगूचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. सायकलला टेकून त्यानं कानावर पडलं तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मथळा होता, 'निळू कावळे यांचा महिलांकडून जयजयकार'. खाली लिहिलं होतं की श्री. कावळे यांनी येती निवडणूक लढवावी, म्हणून असंख्य महिलांनी घागरी वाजवून आनंद व्यक्त केला. पाण्याचा शब्दही नाही.

कपाळ माझं! 'ध'चा 'मा' केलेला ऐकला होता, पण पाण्याचा माणूस केलेला पहिल्यांदाच पाहिला. मी संतापानं लाल, आणि अक्का इतकी हसली की सुपातली तंबाखू जमिनीवर गेली.

नगरसेवक मात्र हसले नाहीत. निवडणूक तोंडावर आली होती, आणि खाई त्याला खवखवे. कावळे कोण, कुणाचा माणूस, कुठून उपटला? कुणीतरी त्यांना खरं काय ते सांगितलंही असेल. पण साडूच्या पेपरवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? साडूंनीही लेखणी उपसली. 'कावळे उपरे'. 'कावळे यांच्या पाठीशी कोण?' 'कावळे गप्प का?' अहो, गप्प बसणार नाही तर काय करणार बिचारा! आठवडाभरात किराणा दुकानात एक गृहस्थ मला सांगायला लागले, "परवाच स्टेशनवर बघितला की. लई उंच हाय." मी म्हटलं, असा माणूसच नाही. ते म्हणाले, "तुमी बघितला न्हाई, म्हणून न्हाई व्हय?"

मग एका सकाळी नगरसेवक स्वतः गल्लीत आले. चपला बाहेर काढून अक्काच्या दारात उभे राहिले. "कावळेसाहेब कुठं राहतात?"

मी तोंड उघडणार, तोच अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"होटगीला गेलेत की. पावण्यांकडं," अक्का म्हणाली. "पर जाताना बोलून गेलेत, आमच्या नळाला पाणी आलं तर मी उभा ऱ्हात न्हाई म्हणून."

नगरसेवकांनी हात जोडले. अक्काला! आणि तिसऱ्या दिवशी नळ वाहायला लागला. पोरगी वेणीफणी करून शाळेत हजर. मी मुद्दामच नळ आणि हौदाचं गणित घातलं. हिचा हात वर. "बाई, पाणी मधेच बंद झालं तर?" मी म्हटलं, गणितातलं पाणी बंद होत नसतं.

इथवर सगळं छान होतं. पण मला कसलं बघवतंय! मोर्चा मी काढलेला, म्हणून मुख्याध्यापकांनी मला मेमो दिला. 'श्री. कावळे यांच्याशी आपले काय संबंध आहेत, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' लग्न न झालेली बाई मी! खोटं छापायचं त्यांनी आणि खुलासा करायचा मी?

"ऱ्हाऊ द्या की बाई," अक्का म्हणाली. "पाणी येतंय न्हवं? कावळे काय खायाला मागतोय का?"

"प्रश्न खऱ्या-खोट्याचा आहे," मी म्हटलं. अगदी असंच म्हटलं, फळ्यासमोर उभी असल्यासारखी.

गेले संपादकांकडं. ते म्हणाले, "आमच्याकडं छापून आलं म्हणजे ते घडलेलं असतं. कावळे नाहीत म्हणता, तर नसल्याचा दाखला आणा."

मी दाखला आणायला निघाले. मागं हटेन तर मी कसली! जन्म-मृत्यूच्या खिडकीवरच्या कारकुनाला सांगितलं, हा माणूस कधी जन्मलाच नाही, तसं लिहून द्या. त्यानं चष्मा वर केला. "नोंद सापडत नाही असं देता येईल. पण तुम्ही त्यांच्या कोण?" फॉर्मवर नात्याची जागा रिकामी सोडता येत नव्हती. मी लिहिलं, शेजारी. तीन खेपा घातल्या, पण शिक्क्याचा कागद मिळवला.

संपादकांनी तो दोनदा वाचला. मग इतके गोड हसले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. "छापतो बाई. पहिल्या पानावर छापतो. तुम्हीच लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'नीळ्ळू म्हणजे पाणी. निळू कावळे नावाचा कोणीही उमेदवार, पुढारी किंवा माणूस या गल्लीत नाही व कधी नव्हता.' जसंच्या तसं छापून आलं. एक वेलांटी चुकली नव्हती. मी ते कात्रण मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि नाक वर करून वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चावीवाला आला आणि त्यानं चावी उलटी फिरवली. बायका धावल्या तर तो खाली मान घालून म्हणाला, "मला वरनं सांगितलंय. तुमच्यात कुणी उभं ऱ्हात न्हाई न्हवं आता."

मी पुन्हा मोर्चा काढू म्हटलं. कुणी उठलं नाही. दैनिकाकडं पत्रं पाठवली, एकही छापलं नाही. नगरसेवक निवडून आले. अक्का मला एका शब्दानंही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटत होती, आणि ती सांगायची कुणाला तेही कळत नव्हतं.

सातवीच्या परीक्षेला माझ्याच वर्गावर माझी देखरेख होती. अक्काच्या पोरीची जागा तीन तास रिकामी. घरी आले तर दाराशी माझी कळशी भरून ठेवलेली. मी शाळेत असायची, म्हणून अक्का रोजच माझंही पाणी भरून ठेवायची. त्या दिवशीही ते पोरगीनं रांगेत उभं राहून आणलं होतं. उन्हातून आले होते, घसा कोरडा पडला होता. मी तांब्या बुडवला आणि प्यायले.