एक बोल्ट राहिला

नवी मुंबईत फ्रान्सच्या बादशहाला घरच्या माणसासारखं ओळखणारा एकच इसम होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. सख्खा नव्हे, तिच्या आईचा मावसभाऊ. पण सख्ख्या मामांना जे सुचलं नाही ते या मामांनी केलं. आम्ही नेरूळच्या इवल्याशा फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा त्यांनी आम्हाला एक शाही पलंग भेट दिला. त्या दिवसापासून आमच्या बेडरूमचं दार अर्धंच उघडतं. आत शिरायचं ते थेट पलंगावरच. कपाटातून शर्ट काढायचा तर पलंगावर गुडघे टेकून काढावा लागतो. मी एकदा धीर करून ही अडचण मामांच्या कानावर घातली, तर ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, बादशहापुढे गुडघे टेकायचेच असतात."

मामा मूळचे वाईकडचे. फोर्टातल्या एका लिलावघरात त्यांनी सारी उमर कारकुनी केली. मोडीत निघालेल्या बंगल्यांमधलं सामान तिथे यायचं आणि त्यावर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवणं हे त्यांचं काम. दुसऱ्यांच्या संसारावर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता हा माणूस 'एम्पायर' पलंगांच्या नादी लागला. त्या बादशहाच्या जमान्यात फ्रान्समध्ये निघालेली ही फॅशन पुढे मुंबईच्या सुतारांनी शेठलोकांसाठी बर्मा टीकमध्ये उतरवली, असं मामा सांगत. दोन्ही टोकं सारखीच उंच आणि बाहेर वळलेली, पायांना सिंहाचे पंजे, मधोमध पितळी पानांचा मुकुट, आणि चारही कोपऱ्यांवर माना वळवून बसलेले चार हंस. लिलावघर बंद पडलं तेव्हा कुणीही न घेतलेले असे बरेच पलंग मामांनी पदरात घेतले आणि रबाळ्याला एक गाळा भाड्याने घेऊन धंदा मांडला. उजवीकडे रबरी वायसर बनवणारा कारखाना, डावीकडे खोके बनवणारा, आणि मधल्या गाळ्यात बादशहा.

यातली गंमत अशी की मामा ब्रह्मचारी होते. आयुष्यभर एकट्याने राहिलेल्या माणसाने डबल बेड विकावेत यावर आमच्या नात्यात इतके विनोद झाले होते की नवीन करायला जागा उरली नव्हती. ते स्वतः कोपरखैरण्याच्या एका खोलीत, नायलॉनच्या पट्ट्यांच्या घडीच्या खाटेवर झोपत. "एवढे पलंग पडलेत, एक घरी आणा की," असं मी म्हटलं, तर त्यांनी मला शास्त्र सांगितलं. "पलंग दोघांचा असतो. एकट्याने झोपलं की एका बाजूला बाक धरतो. माल खराब होतो." तेव्हा मी मनापासून हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

पलंग विकताना मामा गिऱ्हाइकाची अशी चौकशी करत की मुलगी द्यायला निघालेल्या बापानेही करू नये. घरात माणसं किती, भांडणं किती, पलंगावर बसून जेवता का, ओला टॉवेल टाकता का. यातून कुणी तरला तर जिन्यात अडकायचा, कारण आमच्याकडच्या सोसायट्यांचे जिने बादशहाला डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले नाहीत. घणसोली गावातला त्यांचा ठरलेला टेम्पोवाला दर वेळी डोक्याला हात लावून म्हणायचा, "मामा, यो पलंग नाय, होरी हाय. जिन्यानशी वर जावाची नाय." मग दोर लावून ती होडी बाल्कनीतून वर चढे आणि अख्खी सोसायटी खाली उभी राहून सूचना करी.

सानपाड्याच्या एका घरात तर पलंग चढला, जोडला, आणि त्या घरच्या आजी आडव्या आल्या. "हा हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन. त्याच्याकडे पाय करून झोपायचं? नातवाची दहावी आहे यंदा!" सूनबाई म्हणाल्या, "आई, मग उशा त्या बाजूला घेऊ." आजी कडाडल्या, "त्या बाजूलापण हंसच आहे!" आता, हंसांना बदक म्हणणाऱ्या माणसाशी बोलणं टाकण्याइतके मामा कडवे. माझी आई एकदा सहज "बदकं छान आहेत हो" म्हणाली, तर त्यांनी चहा अर्धा टाकला होता. पण त्या दिवशी मान खाली घालून ते म्हणाले, "आजी, ही बदकंच आहेत." पलंग राहिला. मामा मात्र पुढे दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

आमचा पलंग जोडला त्या दिवशीची गोष्ट. असे पलंग आठ लांब लोखंडी बोल्टांवर उभे असतात. त्यांचे आटे हाताने पाडलेले, त्यामुळे एका पलंगाचा बोल्ट दुसऱ्याला बसत नाही, आणि बाजारातला तर मुळीच नाही. सात बोल्ट आवळून झाल्यावर मामांनी खिसे चाचपले. "एक बोल्ट गाळ्यावर राहिला वाटतं. रविवारी आणून देतो." रविवारी ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, आणि बोल्ट धुतलेल्या रुमालात गुंडाळून. तो बसवायला पाच मिनिटं लागली. त्यानंतर ते तीन तास बसले. दोनदा चहा झाला, पोहे झाले. पलंगाच्या कडेवरून हात फिरवत ते बायकोला म्हणाले, "मुलगी सासरी पाठवली की मामाने एकदा जाऊन बघून यायचं असतं. नीट आहे. चांगल्या घरी पडली."

त्यानंतर दोन महिने मामा आले नाहीत. एका संध्याकाळी मी बाल्कनीत उभा होतो, तर खाली रस्त्यावर मामा. वर बघत उभे. मी हाक मारण्याच्या आत वळून चालायला लागले. बायको धावत खाली गेली आणि त्यांना गाठलं. म्हणाले, "काही नाही गं पोरी, इथून चाललो होतो पुढे." आमची गल्ली पुढे बंद आहे. तिथे एक भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे नुसती खाडी. "कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहू नये," हा त्यांचा बाणा. तो त्यांना कुणी शिकवला देव जाणे. एकट्या माणसाला असले नियम फार, आणि ते मोडून दाखवणारं घरात कुणी नसतं.

मग एकदा मी गाळ्यावर गेलो होतो. वाशीच्या कुणासाठी पलंग सुटा करणं चाललं होतं. मामांनी आठ बोल्ट काढले, पुसले, सात पिशवीत टाकले आणि आठवा शर्टाच्या खिशात घातला.

"मामा, एक राहिला," मी म्हणालो.

ते चमकले. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. पाना उगाच या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "राहतो एखादा. एवढ्या पसाऱ्यात राहतोच."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक पलंगाचा एक बोल्ट 'राहत' होता. रविवारच्या रविवारी रुमालात गुंडाळून तो पोचवायला मामा जात होते, कारण त्या बोल्टाशिवाय त्यांना कुणाच्या घरी जायला दुसरं कारण नव्हतं. घरी येऊन मी हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. ती हसली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

वाशीचं ते गिऱ्हाईक म्हणजे रबाळ्यालाच स्वतःचा कारखाना असलेले एक भले गृहस्थ. भले म्हणजे खरोखरच भले. माझा त्यांच्यावर काडीचा राग नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला खेपा, म्हणून त्यांनी आपल्याच लेथवर बोल्ट करून घेतला. जुना एक नमुना समोर ठेवून, हुबेहूब त्याच आट्यांचा. मामांना याची कल्पना नव्हती. ते रविवारी भांग पाडून दारात उभे राहिले. गृहस्थ म्हणाले, "अहो काका, कशाला त्रास घेतलात? आम्ही आमच्याकडेच टर्न करून घेतला. एकदम परफेक्ट बसलाय. तुम्ही टेन्शनच घेऊ नका. थँक्यू हां." आणि दार बंद झालं. हे मला त्या गृहस्थांनीच पुढे कधीतरी, मोठ्या कौतुकाने सांगितलं.

त्याच रविवारी साडेअकराला आमची बेल वाजली. दारात मामा. कपाळावर घाम, हातात रुमाल. आयुष्यात पहिल्यांदाच बिनकामाचे कुणाच्या तरी दारात आले होते आणि ते त्यांना झेपत नव्हतं. मग त्यांनी रुमाल उलगडला आणि तो बोल्ट पुढे केला.

"हा... तुमचाच असेल बहुतेक."

आमचे आठही बोल्ट जागच्या जागी होते. मी तसं म्हणणारच होतो, माझी अक्कल ती तेवढीच. पण बायको पुढे झाली. "बरं झालं आलात मामा. एक बोल्ट सैल लागतच होता. या ना आत."

मामा आत आले. पाना मागितला. आमचा चांगला बसलेला एक बोल्ट काढून त्या जागी तो वाशीचा लावून बघू लागले. तो बसणार नाही हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, बायकोलाही माहीत होतं. तरी अर्धा तास ते बसवत होते आणि आम्ही दोघं कडेला उभे राहून, मोठं ऑपरेशन चालल्यासारखे बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "आटे जुळत नाहीत. पुढच्या रविवारी दुसरा बघतो." बायको म्हणाली, "बघा. आता जेवूनच जा, डाळिंब्यांची उसळ केलीय." त्यांनी तीनदा वाढून घेतली.

पुढची चार-पाच वर्षं आमच्या पलंगाची तब्येत फार नाजूक होती. दर महिन्या-पंधरवड्याने त्याचा एखादा बोल्ट सैल व्हायचा. बायको मामांच्या खोलीखालच्या पीसीओवर फोन करून निरोप ठेवायची, "मामांना सांगा, पलंग कुरकुरतोय." आणि रविवारी मामा हजर. पाच मिनिटं काम, मग जेवण, मग बादशहाच्या गोष्टी, मग आमच्या हॉलमध्ये खुर्चीतच एक डुलकी. एवढा उत्तम बनावटीचा पलंग इतका कसा कुरकुरतो, याचं त्यांना कधी नवल वाटलं नाही. मी समजत होतो, आपण या भोळ्या माणसाला छान गुंडाळतोय.

शेवटचे आले तेव्हा पाच मिनिटांच्या कामाला त्यांना पाऊण तास लागला. बोल्ट आवळून झाल्यावर पाना त्यांनी पिशवीत न टाकता बायकोच्या हातात दिला. म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. माझ्यापेक्षा तुझा हात या कामाला बसलाय. पोरी, सैल करताना जरा हळू फिरवत जा. लाकडाला ओरखडे पडतात."

ती ओशाळली. मामा हसले, आणि चहा मागितला.

त्यानंतर पंधरा दिवसांतच ते गेले. पीसीओवाल्यानेच फोन केला; त्याच्याकडे मामांच्या माणसांपैकी आमचाच एक नंबर होता. रबाळ्याच्या गाळ्यात आता खोकेवाल्याचे खोके आहेत.

पाना आमच्या कपाटाच्या खणात आहे. त्याच्याशेजारी वाशीचा तो बोल्ट, जो कशालाच बसत नाही. परवा पलंग कुरकुरला. या वेळी कुणीही काही केलं नव्हतं, आपला आपणच कुरकुरला. मी गुडघे टेकून बघितलं, उशाकडचा एक सैल झाला होता. मी पाना काढला, तर बायको म्हणाली, "राहू दे हो. रविवारी बघू." असे बरेच रविवार झाले. बोल्ट अजून सैलच आहे.