रद्द झालेल्या ऑर्डरीचा पत्रा

शनिवार, ८ ऑगस्ट १९९८, सकाळचे आठ. स्थळ: पीण्या औद्योगिक वसाहतीतलं जगताप अण्णांचं वर्कशॉप. हजर: मी, म्हणजे टीमची शिक्षिका, आमच्या कॉलेजच्या रोबो टीमची सहा मुलं, त्यात कॅप्टन सुमा, आणि फोरमन रुद्रप्पा. गैरहजर: कोणी नाही. एवढं लिहून मी वही मिटणार, तोच अण्णांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"अक्का, आमची सात राहिली की."

"कोण सात?"

त्यांनी हात फिरवून शेडमधली मशीनं दाखवली. तीन लेथ, दोन मिलिंग, एक ग्राइंडर, एक ड्रिल. मी हसले, ते हसत नव्हते. म्हणून लिहिली. मग ते एकेका मशीनपाशी जाऊन बटण दाबत गेले. एकाही मशीनवर काम लावलेलं नव्हतं. सातही पंधरा मिनिटं रिकामी फिरली आणि अण्णा मधोमध डोळे मिटून ऐकत उभे राहिले. तिसऱ्या लेथकडे बोट करून म्हणाले, "रुद्रप्पा, ह्याला तेल." मग सगळं बंद. हे ते रोज करत, ऑर्डर असो नसो. "मशीन निजलं की माणूस निजतो," असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी पीण्यातली बरीच मशीनं निजली होती. गाड्यांचा खप उतरला, म्हणून गाड्यांचे कारखाने सुटे भाग मागेनात. सुटे भाग करणारे नवी मशीनं घेईनात. त्या मशीनांचे भाग करणारी अण्णांसारखी छोटी वर्कशॉपं या साखळीच्या शेवटी होती, आणि त्यांच्याही पलीकडे आम्ही. आमच्या टीमला तीन कंपन्या दरवर्षी पैसे द्यायच्या. जूनमध्ये तिघींची पत्रं एकाच आठवड्यात आली. तिन्हींत 'सध्याच्या परिस्थितीत' हे शब्द होते आणि तिन्हींच्या शेवटी शुभेच्छा होत्या. प्राचार्यांनी बोलावून सरळ सांगितलं: आयुधपूजेच्या, म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीआधी चालता रोबो दाखवा, नाहीतर टीमची खोली कॉम्प्युटर विभागाला देतो. त्यांना दोष देता येत नव्हता. कॉम्प्युटरच्या वर्गासाठी बाहेर रांगा लागत होत्या आणि आमच्या खोलीत अर्धवट सांगाडे पडले होते. पण खोली गेली की टीम गेली. एकदा गेलेली खोली कॉलेजात परत मिळत नाही, हे मी पंधरा वर्षं पाहत आले होते.

मी यादी केली. पीण्यातली बावीस वर्कशॉपं, रस्त्यांच्या क्रमानं. अण्णा अकरावे. आधीच्या दहांनी कॉफी दिली.

अण्णांशी मी कन्नडमध्ये सुरुवात केली. दोन वाक्यं ऐकून त्यांनी थेट विचारलं, "बेळगावच्या काय?" मी हो म्हटलं. "मग मराठीत बोला की. आमचे लोक इथं तीनशे वर्षं आहेत. आमची मराठी घरात राहून गेली, शाळेला गेली नाही. चुकली तर सोडून द्या." साठीचे, बुटके, खिशात नेहमी एक पुसायचं फडकं. मी मदतीचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचून, घडी घालून परत दिलं.

"पैसा नाही, अक्का. रुद्रप्पाला आठवड्याला तीन दिवस काम देतो, ते पण कसंबसं. पण रिकामं मशीन आहे. रिकामा माणूस आहे. पैसा मागू नका, काम मागा."

"म्हणजे फुकट करून द्याल?"

"सुम्ने द्यायला हे देऊळ नव्हे," ते म्हणाले. सुम्ने म्हणजे उगाच. हा कन्नड शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून वीस वेळा यायचा. "तुमची पोरं गिऱ्हाईक म्हणून येणार. ड्रॉइंग आणणार, जॉबकार्ड भरणार, नंबर लावणार. आणि मशीनला हात लावायच्या आधी स्वतःचे हात दाखवणार. सरी?"

सरी, मी म्हटलं. बाराव्या वर्कशॉपात मी गेलेच नाही.

हात दाखवणं म्हणजे काय, ते त्या पहिल्या शनिवारी कळलं. प्रत्येकाला एक लोखंडी ठोकळा आणि कानस. सहाही बाजू घासून काटकोनात आणायच्या. अण्णा ठोकळ्याला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून खिडकीकडे धरत. फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत. मुलांशी ते कन्नडमध्ये बोलत, मी इथे मराठीत देते आहे. सुमाचा ठोकळा चौथ्यांदा परत आला तेव्हा तिच्या तळव्यांना फोड आले होते.

"अण्णा, हे आम्ही पहिल्या वर्षी केलंय."

"केलंस ते मार्कांसाठी. आता उजेडासाठी कर."

यात दोन आठवडे गेले. माझ्या वेळापत्रकात या कामासाठी दोन दिवस होते. मी तसं म्हटलं तेव्हा अण्णा म्हणाले, "अक्का, तुमचं वेळापत्रक चांगलं आहे. स्वल्प उशिरा सुरू करा, एवढंच."

मग कामाला वेग आला. चाकांच्या मोटरी जुन्या गाड्यांच्या वायपरच्या, बॅटरी स्कूटरची. सांगाड्याचं ड्रॉइंग मुलांनी काढलं, मी तपासून सही केली. सांगाडा मात्र रुद्रप्पा आणि अण्णांनी स्वतः करायचा हट्ट धरला. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या मशीनांवर खरं काम लागलं होतं. आठ दिवस ग्राइंडर चालला. सुट्टीला सहा दिवस उरले असताना आम्ही गेलो, तर फडक्याखाली झाकलेली वस्तू बाकावर होती. रुद्रप्पानं फडकं काढलं. इतकं देखणं काम मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं. पृष्ठभागात तोंड दिसत होतं.

मोटरी बसवल्या, बॅटरी जोडली, सुमानं बटण दाबलं. मोटरी घुमल्या. रोबो जागचा हलला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा नुसतं घूं.

वजनकाट्यावर ठेवला तर तेवीस किलो. आम्ही जाणार होतो त्या चेन्नईच्या स्पर्धेची मर्यादा पंधरा.

टीममधला इम्तियाज म्हणाला, "अण्णा, हा रोबो नाही. हा लेथचा धाकटा भाऊ आहे."

रुद्रप्पाचा चेहरा पडला. अण्णांनी त्या पोलादी पाटावरून तळवा फिरवला आणि आधी गालातल्या गालात, मग मोठ्यानं हसले. "चाळीस वर्षं एकच शिकलो. मशीन हलता कामा नये. हललं तर काम बिघडतं. म्हणून जाड घ्यायचं, जड घ्यायचं, धरून ठेवायचं. आणि तुमचं हे पोर हलण्यासाठीच जन्मलंय. अरे रुद्रप्पा, आपण त्याला बसायला शिकवलं!"

मी ड्रॉइंग उघडलं. लांबी, रुंदी, भोकं, सगळं होतं. जाडीचा रकाना रिकामा होता, आणि खाली माझी सही. मी तसं सांगितलं. अण्णांनी कागद बघितलासुद्धा नाही. "रिकामा रकाना दिसला की आम्ही आमच्या सवयीनं भरतो. सगळेच भरतात. आता बोला, पातळ काय आहे?"

पातळ काहीच नव्हतं. पोलाद घासून एवढं हलकं होणार नव्हतं आणि नवं सामान घ्यायला कोणाकडे काही नव्हतं. सुमानं शेडच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे तपकिरी कागदात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा उभा होता.

"तो नको," रुद्रप्पा एकदम म्हणाला.

तो पत्रा वर्षभर तिथे होता. एका कारखान्याच्या मशीनांची झाकणं करायची मोठी ऑर्डर आली होती. पत्रा आणला आणि आठवड्यात ऑर्डर रद्द झाली. अण्णांनी पत्रा विकला नव्हता, कापला नव्हता. दर सोमवारी त्यावरची धूळ झटकत. ते झटकणं कशासाठी, हे रुद्रप्पाला माहीत होतं आणि त्या क्षणी मलाही कळलं. तो गुंडाळलेला होता तोवर ती ऑर्डर परत येऊ शकत होती.

"अण्णा, उद्या त्यांनी विचारलं तर?" रुद्रप्पा म्हणाला.

अण्णांनी खिशातलं फडकं काढून हात पुसले, जरी हात स्वच्छ होते. मग स्वतः जाऊन कागदाची दोरी सोडली.

"विचारलं तर नवा आणू. विचारणारे आज हेच आहेत." मग सुमाकडे वळून, "जॉबकार्ड भर. जाडी लिहून."

सुमानं जाडी आधी लिहिली, बाकी सगळं नंतर. पत्रा कापला तिनं आणि रुद्रप्पानं मिळून. चौथ्या दिवशी रोबोचं वजन साडेबारा किलो भरलं.

प्राचार्यांसमोर तो कॉलेजच्या खोलीत चालला. एका टोकाकडून निघाला, डबा उचलला, डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळला, सुमानं वायरीला जोडलेल्या बटणानं सावरला, आणि डबा प्राचार्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर ठेवला. प्राचार्य डब्याकडे पाहत म्हणाले, "खोली राहू दे." अण्णा मागे इस्त्रीच्या शर्टात उभे होते. त्यांची ओळख करून द्यायला मी वळले तर ते खाली वाकून चाकाचा नट तपासत होते.

चेन्नईच्या स्पर्धेत आम्ही चौथे आलो. फोनवर अण्णांनी एवढंच विचारलं, "काही ढिलं झालं का?" नाही म्हटलं. "मग आयतु," ते म्हणाले. झालं, संपलं.

पुढच्या वर्षी पीण्यात थोडं काम परतलं. अण्णांकडे रुद्रप्पाचे सहा दिवस झाले, पण गुरुवारची दुपार आमच्या मुलांना राखलेली राहिली. जुनी ऑर्डर काही परत आली नाही. कंपन्यांपैकी एकीचं पत्र मात्र आलं. यंदा मदत करू म्हणाले. मी आनंदानं अण्णांना दाखवलं.

"घ्या," ते म्हणाले. "पण दर मंदीला तुम्ही यादी घेऊन पीण्याला धावणार काय? घरात एक मशीन पाहिजे." आणि त्यांनी सगळ्यात लहान लेथ टेम्पोत घालून कॉलेजात पाठवला. मी दानपत्राचा विषय काढला. "दान नव्हे. नांदायला पाठवलाय. लेव्हल मी येऊन करीन, तोवर चालवायचा नाही."

ते एका गुरुवारी आले. लेथवर काचेची लेव्हल, म्हणजे बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी नळी, ठेवली आणि मुलांना बुडबुडा बघायला बसवून स्वतः फरशीवर पालथे झाले. पायांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सरकवायच्या, उठून बघायचं, पुन्हा खाली. मुलं ओरडून सांगत, "अण्णा, जरा डावीकडे!" "डावी कुणाची? तुझी का माझी?" असं चाललं होतं. काम पकडणाऱ्या चकाच्या बाजूचे दोन पाय झाले तेव्हा पाच वाजले होते. मी म्हटलं, उरलेले दोनही आटपून टाकू, अर्धा तास लागेल.

"घाईत लेव्हल केलेलं मशीन जन्मभर वाकडं कापतं. पुढच्या गुरुवारी."

मंगळवारी सकाळी रुद्रप्पाचा फोन आला. वर्कशॉप उघडताना अण्णा दारातच कोसळले, दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. मशीनं चालू केली होती का, असं मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही. "दवाखान्यातून परत आल्यावर मी केली," रुद्रप्पा म्हणाला. "मग त्यांना घरी घेऊन गेलो."

याला आता तीन महिने झाले. टीमची खोली टीमकडेच आहे, नव्या मुलांचं ड्रॉइंग तयार आहे आणि त्यात एकही रकाना रिकामा नाही. लेथसाठी थ्री-फेज विजेची जोडणी झाली. रुद्रप्पा कधीही यायला तयार आहे, लेव्हल त्याच्याकडे आहे, चकत्या माझ्या कपाटात आहेत. काम अर्ध्या तासाचं आहे, पण रुद्रप्पाला बोलवायचं मीच पुढच्या गुरुवारवर टाकते आहे. लेथच्या दुसऱ्या टोकाचे दोन पाय तेवढे राहिले आहेत.